उजळणी, स्टॅनमोरच्या टेकडीवर

ज्युबिली लाइनच्या नकाशात वायव्येच्या टोकाला आमचं स्टॅनमोर आहे. गाडी इथे संपते. डबे रिकामे होतात, ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि तीच गाडी परत लंडनकडे निघते. लंडनच्या मधोमध राहणारे मित्र आमच्या पत्त्याला 'गाव' म्हणून चिडवतात, आणि मला ते आवडतं. स्टेशनाबाहेर आलं की टेकडीचा चढ लागतो, वर गेलं की जंगल आणि तळी. स्टॅनमोर या नावाचा मूळ अर्थच दगडी तळं असा आहे.

हे स्टेशन सुरू झालं 10 डिसेंबर 1932 रोजी. त्याच वर्षी लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेलं छोटं विमान जुहूला उतरवलं. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मी आठ वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवला आहे, इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचे तासही माझ्याकडेच यायचे. सनावळ्या जुळल्या की मला राहवत नाही. आणि मंडळाचं डॉलिस हिलही ज्युबिली लाइनवरच आहे, त्यामुळे गणपतीला गाडी बदलावी लागत नाही, हा फायदा तर आहेच!

या वर्षी मार्चमध्ये माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, पाच आठवडे आमच्याकडे राहायला आली. वय वीस. जन्म, शाळा सगळं कोव्हेंट्रीत. दोन वर्षांपूर्वी तिने विद्यापीठातली अर्थशास्त्राची जागा सोडली आणि विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर नोकरी धरली. तिला वैमानिक व्हायचं होतं. एका विमान कंपनीच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकांच्या निवडीत ऑनलाइन चाचण्या पार करून ती पुढच्या टप्प्यात आली होती. एप्रिलमध्ये हीथ्रोजवळ एक अख्खा दिवस प्रत्यक्ष चाचण्या, गटातलं काम आणि मुलाखत. नणंदेचा फोन आला, "वहिनी, तुझ्याकडे पाठवते. तू शिक्षिका आहेस, आणि घरात सध्या कोणी कोणाशी धड बोलत नाहीये."

न बोलण्याचं कारण पैसा होतं. या देशात शून्यापासून व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर खर्च साधारण एक लाख पौंड. रुपयांत एक कोटीच्या वर. पूर्वी हे पैसे घर गहाण टाकूनच उभे राहायचे, अजूनही बहुतेकांचे तसेच राहतात. अलीकडे काही कंपन्या खर्च स्वतः उचलतात. ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये 'स्पीडबर्ड' अकादमी जाहीर केली, टुईचीही अशी योजना आहे. अर्ज येतात हजारोंनी आणि जागा असतात मोजक्या. भाचीच्या वडिलांचं म्हणणं, ही लॉटरी आहे, मुलीने परत विद्यापीठात जावं. आईचं म्हणणं, ही जागा मिळाली नाही तर घरावर दुसरं कर्ज काढू. आणि माझ्या सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांनी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता शांतपणे सांगितलं की सांगलीचा फ्लॅट विकायला त्यांची हरकत नाही.

भाची तिथेच उभी होती. ती म्हणाली, "नाही आजी. कंपनीने घेतलं तरच. नाहीतर नाही." त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही, पण त्या पाच आठवड्यांत जे काही झालं त्याच्या तळाशी तो फ्लॅट होता.

तयारी म्हणजे काय करायची, हे आधी मलाच समजून घ्यावं लागलं. आपल्याकडे वैमानिक म्हटलं की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग बारामती, गोंदिया किंवा धुळ्याची विमानविद्येची संस्था, हा रस्ता डोळ्यांसमोर येतो. इथे दारातून आत यायला जीसीएसईचे चांगले गुण पुरतात. अवघड विषय पुढे असतात. एकदा निवड झाली की हवामान, दिशादर्शन, इंजिनं, कायदे अशा तेरा विषयांच्या परीक्षा आणि प्रत्येकात किमान 75 टक्के. निवडीच्या दिवशी मात्र तुम्हाला विमानातलं किती कळतं यापेक्षा घाईत तुमचं डोकं कसं चालतं आणि चार माणसांत तुम्ही कसे वागता हे पाहतात. एका हाताने पडद्यावरचा ठिपका धरून ठेवायचा, कानात आकडे ऐकायचे आणि त्याच वेळी तोंडी हिशोब करायचा. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

तोंडी हिशोबात भाची अडखळत होती. गणित तिला उत्तम येतं, पण इथल्या शाळेने पाढे बारापर्यंतच घोटून घेतले होते. वेग 210 नॉट, वेळ 8 मिनिटं, अंतर किती? ती 210 गुणिले 8 करायची, मग 60 ने भागायची. उत्तर बरोबर यायचं, पण तोवर पुढचा प्रश्न निघून जायचा.

सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे नॉट म्हणजे काय?" मी सांगितलं, तासाला एक सागरी मैल. तासाची मिनिटं साठ, म्हणजे 60 नॉट वेग असेल तर मिनिटाला एक मैल. त्या क्षणभर थांबल्या. "मग 210 म्हणजे मिनिटाला साडेतीन. ही तर औटकी! आठ औट अठ्ठावीस."

आमच्या पिढीला पावकी आणि निमकी निदान ऐकून माहीत आहेत. सासूबाईंना पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तिसापर्यंत पाठ आहेत. त्यांचे वडील गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी होते आणि घरात दिवेलागणीला परवचा म्हटल्याशिवाय जेवण मिळत नसे. मग आम्ही तक्ताच केला. 45 नॉट म्हणजे पाऊणकी, 75 म्हणजे सव्वाकी, 90 म्हणजे दिडकी, 150 म्हणजे अडीचकी, 210 म्हणजे औटकी. एकही आकडा ओढूनताणून बसवावा लागला नाही. पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांत साठचे तुकडे सरळ पडतात, एवढंच त्याचं रहस्य. विमानं ज्या वेगाने घिरट्या घालतात किंवा उतरायला येतात त्या आकड्यांना आपल्या आजोबांच्या बाजारपेठेतले पाढे जसेच्या तसे लागू पडतात, याची मला आजही गंमत वाटते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाबरोबर परवचा सुरू झाला. भाचीच्या तोंडी मराठी आकडे नीट बसत नव्हते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तिचा हमखास गोंधळ व्हायचा. तेव्हा पाढा मराठीत आणि उत्तर इंग्रजीत असा तह झाला. सतरा औट किती? 'फिफ्टी नाइन अँड अ हाफ.' तिसऱ्या आठवड्यात तिचं उत्तर सासूबाईंच्या आधी येऊ लागलं. माझा सात वर्षांचा मुलगा मध्येच 'टॉवर' होऊन प्रश्न ओरडायचा, त्याचाही उपयोग झाला, कारण खऱ्या चाचणीतही कोणी तुम्हाला शांतता देत नाही.

उतरण्याची गणितं तर आणखी सोपी निघाली. विमान नेहमीसारखं तीन अंशाच्या उताराने खाली आणायचं तर उंचीच्या हजारांना तिनाने गुणायचं, तेवढे मैल आधी उतरायला सुरुवात करायची. 35 हजार फुटांवर असाल तर 105 मैल आधी. आणि मिनिटाला किती फूट खाली यायचं? वेगाची निमकी करून शेवटी एक शून्य लावायचं. 140 नॉटला 700 फूट. हे अंदाजाचे ठोकताळे आहेत, पण वैमानिक ते खरोखरच वापरतात.

मग मीही माझा भूगोल बाहेर काढला. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे एक अंश साठ मैलांचा. स्टॅनमोर आणि सांगली यांच्या अक्षांशात सुमारे पावणेपस्तीस अंशांचा फरक आहे. म्हणजे सांगली आपल्यापेक्षा 2085 सागरी मैल दक्षिणेला, पूर्वेचं अंतर वेगळं. सासूबाईंनी हा आकडा सांगलीतल्या सगळ्या भिशीला फोन करून सांगितला.

धावपट्टीचे क्रमांक होकायंत्रावरून पडतात हेही त्यांना आवडलं. 27 म्हणजे 270 अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या आणि मुंबईची मुख्य धावपट्टी, सगळ्यांचे आकडे 09 आणि 27. पश्चिमेचा वारा असेल तर मुंबईत 27 वरून उडालेलं विमान हीथ्रोला 27 वरच उतरतं.

दुपारी आम्ही बाहेर पडायचो. चार भिंतींत अभ्यास करून मूल वेडं होतं, हे मी वर्गात पाहिलेलं आहे. वुड लेनच्या बाजूने स्टॅनमोर कंट्री पार्कच्या माथ्यावर गेलं की खाली लंडन पसरलेलं दिसतं. वेम्ब्लीची कमान, त्यामागे शहरातले उंच मनोरे. हीथ्रोला उतरण्याआधी विमानांना ताटकळत ठेवायच्या चार जागा आहेत, त्यातली बोव्हिंग्डनची जागा आमच्याच बाजूला. तिथे विमानं एकावर एक हजार फुटांचं अंतर ठेवून घिरट्या घालतात. बाकावर बसून भाची त्यांची उंची ओळखायचा प्रयत्न करायची आणि मी सोबत आणलेल्या थालीपिठाचे तुकडे करायची.

स्टॅनमोरला विमानांचा इतिहास आहे हे इथे राहणाऱ्या कितीतरी आपल्या लोकांना ठाऊक नसतं. टेकडीवरच्या बेंटली प्रायरी या वाड्यात 1936 पासून ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचं मुख्यालय होतं. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं आली तेव्हा सगळ्या बचावाची सूत्रं इथून हलली. सेनापती होते ह्यू डाउडिंग. मितभाषी, जरा रुक्ष, पुढे शाकाहारी झालेले आणि पुनर्जन्म मानणारे. सासूबाईंच्या मते इतकं पुरे होतं, त्यांनी त्यांना लगेच आपल्यात घेतलं. 2008 मध्ये विमानदल इथून गेलं, 2013 मध्ये संग्रहालय उघडलं. 142 नंबरच्या बसने चढ चढून जाता येतं.

लढाईच्या वेळी तिथे 'फिल्टर रूम' होती. किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांकडून एकाच विमानांच्या टोळीच्या तीन तीन वेगळ्या खबरा यायच्या. कोणी म्हणे वीस विमानं, कोणी म्हणे चाळीस, जागाही थोडी इकडेतिकडे. फोनवर कान लावून बसलेल्या तरुण मुली मोठ्या नकाशावर त्या खबरा मांडायच्या आणि त्यातून खरी वाट कोणती हे काही सेकंदांत ठरवलं जायचं. मगच ती बातमी पुढे जायची. भिंतीवरच्या घड्याळाचे पाच पाच मिनिटांचे भाग लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांचे. ज्या रंगात काटा असेल त्या रंगाची सोंगटी नकाशावर ठेवायची. म्हणजे सोंगटीकडे पाहूनच कळायचं की खबर ताजी आहे की शिळी. शिळी खबर उचलून टाकायची.

भाची त्या घड्याळासमोर बराच वेळ उभी होती. मुलाखतीच्या गटचाचणीत हेच होतं. सहा अनोळखी उमेदवार, एक गुंतागुंतीचा प्रश्न आणि मध्येच चिठ्ठी येते की परिस्थिती बदलली. जुन्या माहितीला चिकटून बसणारे तिथेच गळतात. त्या मुलींपैकी कित्येकजणी तिच्याच वयाच्या होत्या.

एका शनिवारी आम्ही बस बदलत कॉलिंडेलच्या विमानदल संग्रहालयात गेलो. तिकीट नाही, डबा घेऊन जावा. तिथे 'एस फॉर शुगर' नावाचं लँकेस्टर बॉम्बर उभं आहे. त्याच विमानातून फ्लाइट लेफ्टनंट शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी नॅव्हिगेटर म्हणून दुसऱ्या महायुद्धात मोहिमा केल्या आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. हे आडनाव त्या पोलादी पोटाखाली उभं राहून उच्चारताना अंगावर काटा आला. नॅव्हिगेटरचं काम म्हणजे काळोखात, छोट्या दिव्याखाली, पेन्सिलीने वेग, वेळ आणि अंतराचा हिशोब करत राहणं. "त्यांना औटकी येत असणार," सासूबाई म्हणाल्या. पुरावा काही नाही, पण मी विरोध केला नाही.

मात्र विरोध करणं हाच आमच्या तयारीतला सगळ्यात अवघड धडा ठरला. मुलाखतीत हमखास विचारतात की वरिष्ठ चुकत आहेत असं वाटलं तेव्हा तुम्ही काय केलंत? यामागे खरी दुर्घटना आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. एका विमानाच्या कॅप्टनने परवानगी नसताना धाव घेतली होती. त्याच्याच कॉकपिटमधल्या इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवर असेल का, अशी शंका विचारली. कॅप्टनने ती उडवून लावली आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. अशा अपघातांनंतर जगभर वैमानिकांना शिकवायला सुरुवात झाली की धाकट्याने बोललंच पाहिजे आणि मोठ्याने ऐकलंच पाहिजे.

आता आपल्या घरात वाढलेल्या मुलीला हे कसं शिकवायचं? मोठ्यांना उलट बोलू नये हे आपणच तिला शिकवलेलं असतं. भाची नम्र आहे. एखादी गोष्ट खटकली तर ती प्रश्नाच्या रूपात, हळू आवाजात, शेवटी हसून विचारते. म्हणून सराव गाडीत केला. तिचा मामा कॅप्टन, ती शेजारच्या सीटवर. मामाला आधीच सांगून ठेवलं होतं की मुद्दाम चुकीच्या लेनमध्ये राहा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, आपल्याला बहुतेक डावीकडे जायचं होतं का?" तोवर फाटा मागे गेला आणि आम्ही वॉटफर्डचा फेरफटका मारून आलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, पुढचा फाटा आपला आहे. आता डाव्या लेनमध्ये ये." आवाज चढलेला नव्हता, शब्द फक्त सरळ होते. मामाने लेन बदलली आणि मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, "हं, असं बोलत जा. तुझ्या बाबांशीही."

दुसरी अडचण व्याकरणाची होती. कोणताही अनुभव सांगताना तिचा कर्ता 'आम्ही' असायचा. मागच्या वर्षी त्यांच्याकडच्या गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमाआधी ध्वनियंत्रणा बंद पडली, हॉल दहाला रिकामा करायचा होता आणि स्टेजमागे चाळीस मुलं मेकअप करून रडायला आली होती. "मग आम्ही क्रम बदलला," ती म्हणाली. आम्ही म्हणजे कोण? खोदून विचारल्यावर कळलं की संगीताची गरज नसलेली नाटुकली आधी घ्यायची, गाणी ढोलकीवर बसवायची आणि दोन नृत्यं आरतीनंतर ढकलायची, हे सगळं तिने एकटीने ठरवलं आणि दोन रागावलेल्या आयांना समजावलंही. स्वतःची टिमकी वाजवू नये हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण परीक्षकाला 'आम्ही'ला गुण देता येत नाहीत. मी तिच्याकडून तोच प्रसंग अकरा वेळा वदवून घेतला, प्रत्येक वाक्यात कर्ता 'मी' किंवा नाव घेऊन दुसरं माणूस. शेवटी तो तीन मिनिटांत आणि बढाई न वाटता सांगता येऊ लागला.

सासूबाईंचं योगदान वेगळंच. त्यांच्याकडे सौदामिनी देशमुखांची आठवण होती. 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कलकत्ता ते सिलचर फोकर विमान सगळ्या स्त्री कर्मचाऱ्यांनी नेलं, त्याच्या त्या कॅप्टन होत्या. तेव्हा सासूबाई नव्याने सासरी आलेल्या. पेपरातला फोटो त्यांनी कापून पेटीत ठेवला होता. "कशाला ठेवला होतास?" नातीने विचारलं. "ठेवावासा वाटला," एवढंच त्या म्हणाल्या.

निवडीच्या दिवशी मामाने तिला सकाळी साडेसहाला सोडलं आणि लेन एकदाही चुकवली नाही. आत काय विचारलं ते बाहेर सांगणार नाही, अशी उमेदवारांकडून लेखी हमी घेतात, आणि भाचीने ती आमच्याशीही पाळली. संध्याकाळी घरी आली, दोन वाट्या वरणभात खाल्ला आणि आजीला एवढंच सांगितलं, "दिडकी आली होती."

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत तिच्या वडिलांनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हवामानावर बोलले आणि ठेवताना विचारलं, काही कळलं का? निरोप आला तेव्हा ती कोव्हेंट्रीत कामावर होती. निवड झाली, पण अट आहे पहिल्या दर्जाच्या वैद्यकीय तपासणीची. डोळे, कान, हृदय, फुप्फुसं, रक्त, सगळं. रंग ओळखण्यासाठी आधी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या. तिच्या आईच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे, एका चुलत मामांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि हा दोष आईकडून येतो. मुलींना तो क्वचितच होतो, हे मी सगळ्यांना समजावून सांगते आहे. सगळे मान डोलावतात आणि परत विचारतात.

हा अंक छापायला जाईल तेव्हा तपासणी व्हायची असेल. सासूबाई ऑगस्टमध्ये सांगलीला परतल्या. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. फ्लॅटमधला भाडेकरू करार वाढवायचा का म्हणून विचारत होता. त्यांनी त्याला नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करून दिला आहे.